बारा देव, दोन रकाने

‘‘तिला नुसतं जेवलीस का, झोपलीस का विचारत बसू नकोस. तिच्या देवांबद्दल विचार, मग बघ कशी घडाघडा बोलते ती.’’

हे वाक्य हळूबाईंच्या यजमानांचं. रविवारी सकाळी दहाला लेकीचा फोन यायचा. यजमान पाऊण तास बोलायचे, मोठमोठ्याने हसायचे, मधेच ‘अगं पण तो ज्युपिटर’ असं काहीतरी म्हणायचे, आणि शेवटची दोन मिनिटं फोन हळूबाईंच्या हातात यायचा. त्यातलं पहिलं मिनिट ‘आई, ऐकू येत नाही, जरा मोठ्याने बोल’ यातच जाई. हळूबाई हे नाव इमारतीने त्यांना उगाच दिलेलं नव्हतं. दूधवाल्याला त्या इतक्या मऊ आवाजात ‘उद्यापासून अर्धाच लिटर’ सांगत की तो पूर्वीसारखा एक लिटर ठेवून जाई, आणि त्याच्या मनाला लागू नये म्हणून त्या तेवढं तापवत.

यजमानांना जाऊन तीन वर्षं झाली. फोन अजून रविवारी दहालाच यायचा, पण चार मिनिटांत संपायचा. कशी आहेस, बरी आहे, तू, मीही बरी, गुडघा, ठीक, ठेवते. फोन ठेवल्यावर हळूबाई बराच वेळ त्या यंत्राकडे पाहत बसत. घरात एक माणूस बोलका असला की बाकीच्यांना आपण किती कमी बोलतो हे कळतच नाही. तो माणूस गेला की कळतं, आणि तोवर बोलण्याची सवय लावून घ्यायचं वय गेलेलं असतं.

लेक होती अकरा तासांच्या अंतरावर, एका मोठ्या विद्यापीठाच्या गावी. सहा वर्षं ती एकच प्रबंध लिहीत होती: जुन्या ग्रीक लोकांचे देव आणि जुन्या रोमन लोकांचे देव यांत साम्य किती आणि फरक किती. इमारतीत कोणी विचारलं, ‘‘लेक काय करते?’’ तर हळूबाई ‘‘शिकते’’ एवढंच सांगत. पुढचं त्यांना नीट ठाऊक नव्हतं. ते यजमानांचं खातं होतं. भेटायला जावं, तर लेक म्हणायची, ‘‘आत्ता नको गं आई, प्रबंध संपू दे.’’ शिवाय हळूबाईंचा नेम होता. रोज दिवेलागणीला आपल्या हाताने देवापुढे दिवा लावायचा आणि पोथीचं एक पान वाचायचं. चौदा वर्षांत त्यात खंड नव्हता. अकरा तास जायचं, अकरा तास यायचं, मधे राहायचं, आणि दिवा? तेव्हा ‘नको’ म्हणणारी लेक आणि ‘बरं’ म्हणणारी आई, दोघींची सोय होत होती. सोय होणं आणि बरं वाटणं यांचा एकमेकांशी संबंध असतोच असं नाही.

तर एका रविवारी, फोन साडेतीन मिनिटांत संपला त्या दिवशी, हळूबाईंना यजमानांचं ते वाक्य आठवलं. त्यांनी मनाशी संकल्प केला. बारा मुख्य देव आहेत असं ऐकून होत्या. दर आठवड्याला एक देव, त्याचं ग्रीक रूप आणि रोमन रूप, असे बारा आठवडे. व्रतांची त्यांना सवय होती. देव परके असले म्हणून काय झालं, नेम आपलाच.

सोमवारी दुपारी त्या ग्रंथालयात गेल्या. तिथले कारकून चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधत होते. हळूबाईंनी सभासद व्हायचंय म्हटल्यावर त्यांनी अर्ज दिला, आणि पत्ता वाचून अर्ज परत घेतला. या पत्त्यावर एक सभासद आहेत म्हणाले, तुमचे यजमान. एका घरात एकच कार्ड. हळूबाईंनी हळूच सांगितलं की ते आता नाहीत. कारकुनांनी मनापासून हळहळ व्यक्त केली. मग म्हणाले, तसं असेल तर त्यांचं कार्ड रद्द करावं लागेल, पण नियमाप्रमाणे त्यासाठी सभासदाने स्वतः यायला हवं. शेवटी कारकुनांनीच वाट काढली: कार्ड राहू द्यावं, बाईंनी त्याच्यावरच वाचावं. म्हणून पुढचे तीन महिने रोज तीन वाजता रजिस्टरात यजमानांचं नाव लिहिलं जाई आणि त्यापुढे हळूबाई सही करत. पहिल्या दिवशी त्यांनी ती सही दोनदा वाचून पाहिली. चौथ्या दिवसापासून त्यांना ते आवडू लागलं.

या देवांवरचा ग्रंथ संदर्भ विभागातला होता, उशीएवढा जाड. घरी न्यायला बंदी, तीन ते पाच तिथेच बसून वाचायचा. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर हळूबाईंनी पट्टीने दोन रकाने आखले. डावीकडे ग्रीक, उजवीकडे रोमन, आणि मधे प्रत्येक ओळीत छानसं बरोबरीचं चिन्ह. झ्यूस बरोबर ज्युपिटर. हेरा बरोबर जूनो. इतकं सोपं काम लेकीला सहा वर्षं कसं पुरलं, असा एक अपराधी विचारही त्यांच्या मनात येऊन गेला.

रविवारी ‘‘बरी आहे’’च्या पुढे हळूबाई म्हणाल्या, ‘‘या आठवड्यात मी झ्यूस आणि ज्युपिटर केले.’’

पलीकडून ‘काय केले?’ असं आलं. मग लेक हसली. कशाला, कुठून, कोणी सांगितलं, सगळं विचारून झालं. हळूबाईंनी तक्ता वाचून दाखवला, तेव्हा ती म्हणाली, ‘‘आई, मधे बरोबरीचं चिन्ह तेवढं घालू नकोस. सगळे तीच चूक करतात.’’

तो फोन अकरा मिनिटं चालला. हळूबाईंनी खोडरबराने बारा चिन्हं पुसली आणि त्या दिवशी दुपारी न झोपता ग्रंथालयाच्या बंद दारापर्यंत जाऊन आल्या. रविवारी ते बंद असतं हे त्यांना ठाऊक होतं.

चिन्हं पुसल्यावर मात्र तक्ता हाताबाहेर जायला लागला. आता प्रत्येक ओळीत फरक लिहायचे म्हणजे रकान्यात मावेनात. उदाहरणार्थ युद्धाचा देव. ग्रीकांच्या घरी हा अ‍ॅरेस म्हणजे अगदी वाया गेलेला मुलगा. भांडकुदळ, लागलं की बोंबलत घरी येणारा, आणि बापालाही नकोसा. तोच रोमनांच्या घरी मार्स नाव घेऊन गेला तर एकदम वडीलधारा. त्यांचं गाव ज्यांनी वसवलं त्या जुळ्यांचा बाप, शेताचा राखणदार. त्याच्या नावाचा महिना. हळूबाईंनी हे शेजारच्या शिंपीणबाईंना सांगितलं. शिंपीणबाई सुई तोंडात धरून म्हणाल्या की यात नवल काय, त्यांचा धाकटा दीर असाच, घरात कवडीची किंमत नाही आणि सासुरवाडीत खुर्ची सोडून उठू देत नाहीत. हळूबाईंनी ही उपमा रविवारी लेकीला सांगितली. फोन तेवीस मिनिटं चालला. लेक म्हणाली की हे तिच्या मार्गदर्शकांनाही इतकं नीट सांगता आलेलं नाही.

शिंपीणबाई त्या दिवसापासून कट्टर ग्रीक झाल्या. त्यांना त्या देवांची भांडणं, रुसवे, लग्नं मोडणं, हे सगळं फार जवळचं वाटे, आणि ब्लाऊज घ्यायला येणाऱ्या बायांना त्या हेराच्या संसाराची हकीकत अशी सांगत, जशी काही ती तिसऱ्या मजल्यावर राहते. उलट ग्रंथालयाचे कारकून रोमन पक्षाला मिळाले. रोमन लोक देवाची प्रार्थना करताना त्याची सगळी नावं घेत आणि शेवटी ‘किंवा अन्य ज्या नावाने आपणांस संबोधलेलं आवडत असेल त्या नावाने’ असं जोडत, हे हळूबाईंनी वाचून दाखवलं तेव्हा कारकून खुर्चीत सरळ झाले. याला म्हणतात मसुदा, म्हणाले. विधीत एक शब्द चुकला, मधे उंदीर चिरकला, तरी सगळा विधी पहिल्यापासून पुन्हा करायचा, हे ऐकून तर त्यांचे डोळेच पाणावले. चाळीस वर्षं ते हेच सांगत होते, अर्जात खाडाखोड चालत नाही, नवा भरा. पण त्यामागे एवढी प्राचीन परंपरा आहे याची त्यांना कल्पना नव्हती. रोमनांत दाराला एक देव, बिजागरीला एक देवी आणि उंबऱ्याला तिसरा देव, हे कळल्यावर मात्र तेही विचारात पडले. एका दारामागे तीन अधिकारी म्हणजे, ते म्हणाले, ग्रंथालय खात्यातही एवढे नाहीत.

पाचव्या रविवारी गाडी रुळावरून घसरली.

हळूबाई अथेना आणि मिनर्व्हा घेऊन तयार होत्या. बोलणं चांगलं रंगलं होतं. मग हळूबाईंनी, यजमान विचारत तसं, विचारलं, ‘‘तुझं प्रकरण कुठवर आलं?’’ लेक म्हणाली, ‘‘चाललंय.’’ आणि लगेच तिला कुठेतरी जायचं होतं. पुढच्या रविवारी फोन सात मिनिटं. हळूबाईंनी पुन्हा विचारलं, प्रकरण? त्याच्या पुढच्या रविवारी पाच.

आपण कुठे चुकलो? त्यांनी रात्री तक्ता पाहिला. अथेना आणि मिनर्व्हा बोलता बोलता एकच करून टाकल्या होत्या का? डायनाला नुसतं ‘शिकारीण’ म्हटलं, ते लेकीला उथळ वाटलं असेल. विदुषी मुलगी, तिच्यापुढे आपलं हे कॅलेंडरच्या पाठीवरचं ज्ञान. त्यांनी ठरवलं की अभ्यास कमी पडतोय. मग पाच वाजता ग्रंथ परत करताना त्या दुसऱ्या दिवसासाठी पानावर खूण करू लागल्या, टाचणं लिहू लागल्या, आणि दर रविवारी आठवणीने, अधिक नेटाने, प्रकरणाची चौकशी करू लागल्या. फोन तीन मिनिटांवर आला. पूर्वीच्या चारापेक्षाही कमी.

नेमकी त्याच सुमारास ग्रंथालयातल्या मासिक व्याख्यानाची पंचाईत झाली. दातांची निगा या विषयावर बोलणारे दंतवैद्य दाढ सुजून घरी बसले होते. कारकुनांनी हळूबाईंना विचारलं. एरवी त्यांनी मान हलवून नकार दिला असता, पण त्यांच्या डोळ्यांसमोर वेगळंच चित्र आलं: भाषणाची चित्रफीत लेकीला पाठवायची, ती पाहील, चुका काढायला का होईना पण तासभर बोलेल. त्या ‘हो’ म्हणाल्या. कारकुनांना ऐकू गेलं नाही म्हणून दुसऱ्यांदा म्हणाल्या.

मग सभागृहाचा अर्ज. त्यात कार्यक्रमाचे प्रकार तीन होते: सांस्कृतिक, धार्मिक, विक्री. विषयात ‘धर्म’ शब्द असल्याने कारकुनांच्या वरिष्ठांनी ‘धार्मिक’वर खूण केली, आणि धार्मिक म्हणजे त्या धर्माच्या अनुयायांचं ना-हरकत पत्र जोडणं आलं. हळूबाईंनी समजावलं की ते लोक जाऊन दीड हजार वर्षं होऊन गेली. वरिष्ठ म्हणाले, हरकत नाही, अनुयायी हयात नाहीत असं लेखी द्या.

हळूबाई कोऱ्या कागदापुढे अर्धा तास बसल्या. कारकुनांना वाटलं मजकूर सुचत नाही, म्हणून त्यांनी दोन नमुने दिले. पण अडचण मजकुराची नव्हती. ज्या देवांना कोणी एके काळी घरातला पहिला घास काढून ठेवत होतं, दार उघडताना ज्यांचं नाव घेत होतं, त्यांचं आता पृथ्वीवर कोणी उरलं नाही, असं आपल्या सहीने कसं लिहायचं? कुठेतरी एखादी बाई अजून असेल, गुपचूप. आणि नसेलच, तर ते देव संध्याकाळी काय करत असतील? शेवटी त्यांनी लिहिलं: ‘माझ्या माहितीप्रमाणे कोणी नाही. असल्यास त्यांची क्षमा मागते.’ वरिष्ठांनी दुसरं वाक्य खोडायला सांगितलं. कारकून म्हणाले, खाडाखोड चालणार नाही. या तांत्रिक मुद्द्यावर परवानगी मिळाली.

व्याख्यान शनिवारी साडेचारला होतं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त स्टेशनमास्तर आठवडाभर आधी सल्ला द्यायला आले. रोमन विधी चालू असताना अपशकुनी आवाज कानावर पडू नये म्हणून शेजारी एकजण पावा वाजवत असे, हे शिंपीणबाईंकडून त्यांना कळलं होतं. पावा त्यांच्याकडे नव्हता, पण नोकरीतली पितळी शिटी होती. सभागृहात फोन वाजायला लागला की त्याच्यावर मात म्हणून ते शिटी फुंकतील, वहिनींनी निर्धास्त असावं. हळूबाईंनी ‘नको’ म्हटलं असावं असं त्यांना स्वतःला वाटतं. शिंपीणबाईंनी दुसरी सुधारणा सुचवली: ग्रीक लोक उघड्या डोक्याने पूजा करत आणि रोमन डोकं झाकून, तर ग्रीक भागाला शाल खांद्यावर, रोमन भागाला डोक्यावर, म्हणजे मागच्या रांगेलाही कळेल कोणाचं चाललंय.

हे सगळं निभावलं असतं. पण हळूबाईंच्या मनाने आपण होऊन एक अट घातली होती. ज्यांच्या देवांबद्दल बोलायचं त्यांच्या घरची शिस्त पाळायला नको का? चूक झाली, विघ्न आलं, तर पहिल्यापासून सुरुवात. त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं. नेम काही सांगून करायचे नसतात.

खुर्च्या चाळीस होत्या, माणसं चौदा. हळूबाईंनी झ्यूसपासून सुरुवात केली, आभाळ, वीज, सिंहासन; आणि तिसऱ्याच देवाला अ‍ॅरेसच्या जागी मार्स म्हणून गेल्या. त्या थांबल्या. डोळे मिटले. शाल खांद्यावर घेतली आणि म्हणाल्या, ‘‘झ्यूस हा आभाळाचा देव.’’ लोकांना वाटलं, प्रस्तावना संपली. दुसऱ्या वेळी खुर्ची पडली. झ्यूस हा आभाळाचा देव. तिसऱ्या वेळी कोणाचा तरी फोन गुणगुणला न गुणगुणला तोच स्टेशनमास्तरांनी अशी शिटी फुंकली की दोन माणसं सवयीने उठून उभी राहिली. झ्यूस हा आभाळाचा देव. चौथ्या वेळी अगदी समुद्राच्या देवापर्यंत मजल गेली होती, पण कारकून हात वर करून उभे राहिले आणि अत्यंत आदराने म्हणाले की ज्युपिटरचं नाव घेताना शाल डोक्यावरून घसरलेली होती. सांगणं कर्तव्य आहे. हळूबाईंनी त्यांचे आभार मानले आणि पुन्हा आभाळात चढल्या. एक बाई मधेच उठून भाजी घेऊन आल्या, तेव्हाही झ्यूस सिंहासनावर नुकता बसत होता. पहिल्या रांगेतल्या आजोबांना आता तो उतारा पाठ झाला होता. हळूबाई अडखळल्या की ते पुढचा शब्द सांगत, आणि बाहेरचा शब्द आला हेही विघ्नच.

सहाव्या झ्यूसच्या वेळी हळूबाईंची नजर खिडकीकडे गेली. समोरच्या भिंतीवरचं ऊन सरकून गच्चीला टेकलं होतं. त्यांनी टाचणं जुळवली, ‘‘दिव्याची वेळ झाली,’’ म्हणाल्या आणि गेल्या. मागे कारकुनांनी रिकाम्या खुर्चीचे आभार मानले.

तक्त्याची बारावी ओळ तशीच राहिली. ती देवी होती चुलीतल्या विस्तवाची. ग्रीकांची हेस्टिया, रोमनांची व्हेस्टा. हळूबाईंनी ती मुद्दाम शेवटी ठेवली होती.

त्या संध्याकाळी दिवा लावताना त्यांना रडू आलं, म्हणून पान उशिरा वाचून झालं. उद्या रविवार, सकाळी लेकीला काय सांगायचं? पण सांगायची वेळच आली नाही. दहा वाजले, फोन आला नाही. साडेदहा. हळूबाईंनी यंत्र उचलून पाहिलं, चालू होतं. अकराला त्यांनी कुकर लावला नाही, शिटीच्या आवाजात घंटी ऐकू आली नसती. बारापर्यंत त्या यंत्राशेजारी खुर्ची घेऊन बसल्या, हातात तक्ता. सहा वर्षांत फोन न आलेला हा पहिला रविवार. आपण फोन करावा, तर मुलगी कामात असेल. कामात नसेल, तर मग का नाही केला? हा प्रश्न त्यांना फोन करण्याहून अवघड वाटला.

सोमवारी त्या घराबाहेर पडल्या नाहीत. इमारतीच्या जिन्यात पहिल्या रांगेतल्या त्या आजोबांचा नातू ‘झ्यूस हा आभाळाचा देव’ म्हणत पायऱ्या उतरताना त्यांनी ऐकला होता. कारकुनांनी ग्रंथावरची खूण जपून ठेवल्याचा निरोप पाठवला. शिंपीणबाई येऊन बसल्या, आणि बराच वेळ दुसरंच बोलून झाल्यावर त्यांनी कबूल केलं की व्याख्यानाची चित्रफीत त्यांनीच फोनवर काढली होती आणि ती शनिवारीच लेकीला पाठवली, न विचारता, सगळी, शिटीसकट. हळूबाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. शिंपीणबाईंना त्यांनी रागावून काही म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मंगळवारी दुपारी तीनला फोन वाजला. मंगळवारी कोणी फोन करत नाही, म्हणून हळूबाईंनी तो जरा घाबरतच उचलला.

‘‘आई,’’ लेक म्हणाली, ‘‘मी ते चार वेळा पाहिलं.’’

ती हसत होती. हसता हसता तिचा श्वास अडकला, आणि हळूबाईंना कळलं की हे हसणं नाही. त्या थांबल्या. थांबणं त्यांना चांगलं येत होतं.

‘‘सहा वेळा पहिल्यापासून सुरुवात केलीस तू. सगळे हसत होते, आणि तू पुन्हा झ्यूस. मला एकदाही करता आली नाही. आई, मी आठ महिन्यांत एक ओळ लिहिलेली नाही. दर रविवारी तू प्रकरणाचं विचारायचीस, आणि मी ‘चाललंय’ म्हणायचे.’’

हळूबाईंच्या डोळ्यांसमोरून सगळे रविवार गेले, पाच मिनिटांचा, तीन मिनिटांचा. आपण किती नेटाने विचारत होतो.

‘‘मला वाटलं, माझा अभ्यास कमी पडतोय,’’ त्या म्हणाल्या.

‘‘बाबा असते तर...’’

‘‘ते असते तर त्यांनी तुला समजावलं असतं. मला समजावता येत नाही गं.’’ थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, ‘‘माझा शेवटचा देव राहिलाय. सांगू?’’

‘‘सांग.’’

हळूबाईंनी तक्ता घेतला नाही. रोमनांच्या गावात, त्या म्हणाल्या, त्या देवीचा विस्तव सहा बाया राखायच्या. तीस तीस वर्षं. विझू द्यायचा नाही, सोडून जायचं नाही. विझला तर मार. ‘‘मी वाचलं तेव्हा मला वाटलं, बरोबर आहे, विस्तव असाच राखायचा असतो.’’ मग त्या ग्रीकांवर आल्या. ग्रीकांची माणसं दूर नवं गाव वसवायला निघाली की जुन्या गावाच्या चुलीतला विस्तव बरोबर घेऊन जात. तिकडची पहिली चूल त्याच्यावर पेटायची. म्हणून त्या नव्या गावाला जुनं गाव आईसारखं.

‘‘माहीत आहे मला,’’ लेक म्हणाली. ‘‘माझं तिसरं प्रकरण आहे ते. तिथेच अडकलेय.’’

पलीकडे कुठेतरी दार वाजलं, बंद झालं.

‘‘आई, तू ये ना,’’ लेक म्हणाली. मग घाईघाईने, ‘‘तुझा नेम आहे, माहीत आहे मला. जमणार नाही. मी आपलं सहज म्हटलं.’’

‘‘शुक्रवारी,’’ हळूबाई म्हणाल्या. ‘‘शुक्रवारी दिवेलागणीला तुझ्या खोलीत मी दिवा लावीन.’’

‘‘खरंच?’’

‘‘शब्द दिला.’’

फोन ठेवल्यावर त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

स्टेशनमास्तरांकडे त्या संध्याकाळी गेल्या. शिटीबद्दल माफी मागायला मास्तर तीन दिवस शब्द जुळवत होते, ते सगळे वाया गेले, कारण हळूबाईंनी थेट गाडीचं विचारलं: गुरुवारचा दिवा इथे लावून शुक्रवारचा तिथे लावता येईल अशी गाडी आहे का? मास्तरांनी वेळापत्रक उघडलंही नाही. सकाळी सहा दहाला निघते, पाच वाजून दहा मिनिटांनी पोचते. रोज. नऊ वर्षं झाली तिला सुरू होऊन, वहिनी. तुम्ही कधी विचारलं नाहीत.

हळूबाई ‘‘हो, नाही विचारलं,’’ म्हणाल्या आणि जिना उतरताना मधल्या पायरीवर थोडा वेळ उभ्या राहिल्या.

बुधवारी त्यांनी ग्रंथालयात जाऊन ग्रंथातली खूण काढून घेतली. किती दिवस येणार नाही असं कारकुनांनी विचारलं. रजिस्टरात गैरहजेरीचा रकाना होता. हळूबाई म्हणाल्या, ‘‘ते माझ्या लेकीवर आहे.’’ कारकुनांनी तसंच्या तसं लिहून घेतलं. शिंपीणबाईंनी समई गुंडाळायला जाड कापडाची पिशवी शिवून दिली, आणि वातींच्या डबीसाठी आतून वेगळा कप्पा. किल्ली त्यांच्याकडे ठेवायची ठरली. दूधवाल्याला लेखी चिठ्ठी.

शुक्रवारी उजाडायच्या आधीच हळूबाईंनी दार ओढलं, कुलूप लावलं, दोनदा हलवून पाहिलं. किल्ली शिंपीणबाईंच्या दाराखालून आत सरकवली. त्या उठून निरोप द्यायला येणार होत्या, पण आत शांत होतं, आणि हळूबाईंनी कडी वाजवली नाही. पिशवी उजव्या हातात, कठडा डाव्या हातात. गुडघ्यामुळे एकेक पायरी. स्टेशन पंधरा मिनिटांवर होतं आणि गाडीला अजून सव्वा तास होता. रस्त्यावर झाडणारी बाई झाडू थांबवून बाजूला झाली, त्यांनी तिला मान लववून वाट घेतली आणि स्टेशनच्या दिशेने चालू लागल्या.